दहा रुपयांचं तिकीट आणि पोचेचा शिक्का

वाचकांचे प्रश्न : नागरिकांचे हक्क आणि जबाबदाऱ्या

या वेळचे प्रश्न ठाणे आणि नवी मुंबईतले आहेत. बहुतेकांचा सूर एकच : ‘तक्रार केली, काही झालं नाही.’ तक्रार केली म्हणजे नेमकं काय केलं? फोन केला, व्हॉट्सअॅपवर फोटो टाकला, साहेबांना भेटलो. यातल्या कशावरही आवक क्रमांक नाही की तारखेचा शिक्का नाही, आणि कायद्यातल्या मुदती तर तारखेपासूनच मोजतात. म्हणून पुढच्या उत्तरांत ‘पोच’ हा शब्द पुन्हा पुन्हा येईल. त्याला इलाज नाही.

प्रश्न : घोडबंदर रस्त्यालगत आमची सोसायटी आहे. समोरच्या सेवा रस्त्यावर दरवर्षी डांबर पडतं आणि पहिल्या पावसात वाहून जातं. महापालिका म्हणते रस्ता आमचा नाही. माहिती अधिकारात ‘रस्ता दरवर्षी का खराब होतो?’ असं विचारलं, तर ‘प्रश्नार्थक माहिती देता येत नाही’ असं उत्तर आलं. हा पळपुटेपणा नाही का? (कासारवडवली)

उत्तर चीड आणणारं असलं तरी कायद्याला धरून आहे. माहिती अधिकार कायदा, २००५ नुसार कार्यालयाच्या दप्तरात जे आहे तेच मिळतं. ‘का’, ‘कधी करणार’, ‘जबाबदार कोण’ याची उत्तरं तयार करून देणं जनमाहिती अधिकाऱ्यावर बंधनकारक नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सीबीएसईच्या प्रकरणात ते स्पष्ट केलं आहे. तेव्हा ‘का’ विचारू नका, ज्या कागदात ‘का’चं उत्तर दडलेलं असतं तो कागद मागा.

तुमच्या रस्त्यासाठी मजकूर असा ठेवा : ‘अमुक चौक ते अमुक सोसायटी या सेवा रस्त्याच्या डांबरीकरण व दुरुस्तीबाबत, १ एप्रिल २०२२ पासून अर्जाच्या तारखेपर्यंत : (१) कार्यादेशांच्या प्रती, (२) मंजूर अंदाजपत्रक, (३) मोजमाप पुस्तिकेची संबंधित पानं, (४) करारातील दोषदायित्व कालावधीची अट, (५) गुणवत्ता चाचणीचे अहवाल, (६) अदा केलेल्या देयकांच्या प्रती.’ एवढंच. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय हवा आणि मजकूर साधारणपणे १५० शब्दांच्या आत. रस्ता, गटार आणि दिवाबत्ती एकाच अर्जात कोंबली की अर्ज तिथेच अडकतो. माहिती कशासाठी हवी हे सांगायची गरज नाही; कलम ६(२) मध्ये तसं लिहिलेलंच आहे. कोणी विचारलं तरी लिहू नका.

अर्ज जोडपत्र ‘अ’च्या नमुन्यात लिहा आणि त्यावर १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला दाखला जोडला की शुल्क माफ आहे. अर्ज बारनिशीत (आवक कक्षात) देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घ्या. टपालाने पाठवलात तर स्पीड पोस्टची पावती आणि पोहोचल्याची नोंद, दोन्ही जपा.

आता ‘रस्ता आमचा नाही’. मेट्रो ४ चं काम एमएमआरडीएचं आहे, मुख्य रस्त्याचा आणि सेवा रस्त्याचा ताबा वेगवेगळ्या यंत्रणांकडून फिरत आला आहे, त्यामुळे हे उत्तर कधी खरंही असतं. नवी मुंबईतही तसंच : सायन–पनवेल महामार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाचा, पाम बीच मार्ग महापालिकेचा, औद्योगिक पट्ट्यात एमआयडीसी, काही भूखंडांवर अजून सिडको. पण माहितीच्या अर्जापुरतं हे ओझं तुमच्यावर नाही. कलम ६(३) प्रमाणे अर्ज चुकीच्या दारात गेला असेल, तर त्या कार्यालयाने पाच दिवसांच्या आत तो योग्य ठिकाणी पाठवून तुम्हाला कळवायचं असतं. ‘आमचा रस्ता नाही’ म्हणून अर्ज परत करणं चूक आहे, आणि तेवढा मुद्दाही अपिलासाठी पुरेसा आहे.

अर्ज मिळाल्यापासून ३० दिवसांत माहिती मिळायला हवी. प्रतींचा दर पानामागे २ रुपये. मुदत उलटून माहिती दिली तर ती फुकट द्यावी लागते, कलम ७(६). त्यानंतर ‘पैसे भरा’ असं पत्र आलं तर हे कलम दाखवा. उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं, तर ३० दिवसांत पहिलं अपील. ते त्याच कार्यालयातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे, २० रुपयांचं तिकीट लावून करायचं. त्याचा निर्णय ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत. त्यानेही भागलं नाही, तर ९० दिवसांच्या आत दुसरं अपील राज्य माहिती आयोगाकडे. तुमच्यासाठी कोकण खंडपीठ, सीबीडी बेलापूर. आयोग जनमाहिती अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड करू शकतो. आयोगापुढे तारीख मिळायला वेळ लागतो, म्हणून खरी मेहनत पहिल्या अर्जाच्या मजकुरावर करावी.

कागद हातात आले की आधी मोजमाप पुस्तिका उघडा. तिच्यात लांबी, रुंदी आणि थराची जाडी नोंदलेली असते. उखडलेल्या कडेला पट्टी धरून जाडी मोजा, फोटो काढा. मग दोषदायित्व कालावधी पाहा. काम त्या मुदतीत असताना रस्ता उखडला, तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. त्याच मुदतीत खड्डे बुजवण्याचं वेगळं देयक निघालं असेल, तर तुमच्या तक्रारीला पहिल्यांदाच दात येतात. प्रती महाग पडत असतील तर कागदांची पाहणी मागा : पहिला तास फुकट, नंतर दर पंधरा मिनिटांना ५ रुपये. साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा हक्कही याच कायद्यात आहे, पण तो फारसा कोणी वापरत नाही.

खड्ड्यामुळे कोणी जखमी झालं असेल तर मार्ग वेगळा आहे. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख आणि जखमींना दुखापतीप्रमाणे ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाईचा आदेश दिला. महापालिका हद्दीत आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांची समिती दावा पाहते. दवाखान्याचे कागद, जागेचा फोटो आणि पोलिसांतली नोंद त्याच दिवशी करून ठेवा; आठ दिवसांनी खड्डा बुजलेला असतो.

प्रश्न : आम्ही कोपरीहून घणसोलीला भाड्याने राहायला आलो. मतदार ओळखपत्र जुन्या पत्त्याचं आहे. घरमालक म्हणतात, इथे नाव लावू नका, उगाच कटकट. नवीन अर्ज करू की जुन्या ठिकाणीच जाऊन मत देऊ?

घरमालकाची भीती निराधार आहे. मतदार यादीत नाव लागल्याने भाडेकरूला घरावर कसलाही हक्क मिळत नाही, आणि नाव लावायला त्यांचं संमतिपत्रही लागत नाही.

तुम्हाला नमुना ६ नाही, नमुना ८ भरायचा आहे. २०२२ पासून पत्ता बदलणं, चुका दुरुस्त करणं आणि ओळखपत्राची दुसरी प्रत घेणं, हे सगळं नमुना ८ मध्येच होतं. मतदारसंघ बदलला तरीही. तुमचा बदलतो : कोपरी-पाचपाखाडीमधून ऐरोली. इथेच लोक चुकतात आणि नमुना ६ भरून नव्याने नोंद करतात. मग नाव दोन याद्यांत येतं. दोन ठिकाणी नोंद असायला कायद्याने मनाई आहे, आणि ‘माझं नाव दुसरीकडे कुठेही नाही’ असं खोटं लिहून देणं हा तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकेल असा गुन्हा. हेतू वाईट नसतो, पण सही आपलीच असते.

पत्त्याचा पुरावा म्हणून नोंदणीकृत भाडेकरार चालतो. तो नोंदणीकृत नसेल तर ती चूक मालकाची. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत करण्याची जबाबदारी त्यांच्यावर आहे. नव्या पत्त्याचं आधार किंवा बँकेचं पासबुकही चालतं. काहीच नसेल तर बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) घरी येऊन खातरजमा करतात. त्या वेळी घर बंद मिळणं हे अर्ज फेटाळला जाण्याचं नेहमीचं कारण आहे, म्हणून अर्जात चालू मोबाइल नंबर द्या आणि शेजाऱ्यांना सांगून ठेवा. अर्ज फेटाळला तर १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील, त्यानंतर ३० दिवसांत मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे.

वेळेचं गणित महत्त्वाचं. विधानसभा-लोकसभेला उमेदवारी अर्ज भरण्याची शेवटची तारीख उलटली की यादी गोठते. हरकतींचे दिवस धरले तर तुमचा अर्ज त्याच्या किमान दहा दिवस आधी जायला हवा. महापालिकेचं त्याहून कडक आहे. राज्य निवडणूक आयोग एका ठरावीक तारखेची विधानसभेची यादी जशीच्या तशी घेतो आणि प्रभागवार फोडतो. नवं नाव घालण्याचा अधिकार त्याला नाही. प्रारूप प्रभाग यादीवर हरकत घेऊन एवढंच सांगता येतं की माझं नाव चुकून शेजारच्या प्रभागात पडलं आहे. म्हणून निवडणूक जाहीर झाल्यावर केलेली धावपळ बहुधा वाया जाते. घरात कोणी अठराचं होत असेल, तर आता वर्षातून चार अर्हता तारखा आहेत : १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर.

आणि ओळखपत्र खिशात असलं तरी नाव यादीत नसेल तर मत देता येत नाही. उलट नाव यादीत असेल तर आधार, पासपोर्ट, वाहन परवाना असा मान्य असलेला दुसरा पुरावा चालतो.

प्रश्न : केंद्रावर गेल्यावर कळलं की माझं मत आधीच कोणीतरी देऊन गेलं. अधिकारी म्हणाले, आता काही करता येत नाही. खरं का? (कळवा)

नाही. केंद्राध्यक्षांकडे ‘प्रदत्त मत’ मागायचं. ओळख पटवणारे प्रश्न विचारून समाधान झालं की तुम्हाला यंत्राऐवजी छापील मतपत्रिका मिळते. ती वेगळ्या पाकिटात बंद होते, वेगळ्या यादीत तुमची सही होते. निवडणूक संचालन नियम, १९६१ मधला हा नियम ४९ पी. खरं सांगायचं तर हे मत नेहमीच्या मोजणीत धरत नाहीत. निकाल अगदी थोड्या फरकाचा असेल आणि प्रकरण न्यायालयात गेलं तरच त्याला किंमत येते. तरीही मागावं, कारण बोगस मतदानाची केंद्रावरच्या कागदात उमटणारी ती एक नोंद आहे.

याच पत्रातला दुसरा प्रश्न : महापालिकेला चार बटणं का? ठाणे आणि नवी मुंबईत बहुतेक प्रभाग चार सदस्यांचे आहेत, म्हणून अ, ब, क, ड अशा प्रत्येक जागेसाठी एक मत. एकाच जागेचं बटण दाबून निघू नका. सगळ्या जागांची मतं झाल्यावरच बझर वाजतो. एखाद्या जागेसाठी कोणीच पसंत नसेल तर त्या जागेपुरता नोटा दाबा. महाराष्ट्रात स्थानिक निवडणुकांत नोटाला सर्वाधिक मतं पडली तर फेरनिवडणूक घ्यावी, असा राज्य निवडणूक आयोगाचा २०१८ चा आदेश आहे. विधानसभा-लोकसभेला तसं नाही.

प्रश्न : ठाणे स्टेशनात गर्दीत मोबाइल चोरला. पोलिसांनी ‘गहाळ’ म्हणून नोंद करून दाखला दिला. पुरेसं आहे का?

नवं सिम घ्यायला पुरेसं, चोर शोधायला नाही. ‘गहाळ’ म्हणजे तुम्ही हरवला. गुन्हा घडलेलाच नाही, तर तपास कशाचा? विमा असेल तर दावाही इथेच अडतो. अर्ज तुम्हीच लिहिला असेल आणि त्यात ‘मोबाइल सापडत नाही’ असं असेल, तर पोलिसांनी फक्त तुमचाच शब्द उचलला आहे. नवा अर्ज लिहा : तारीख, वेळ, फलाट क्रमांक, खिशातून हात घालून काढल्याचं कसं लक्षात आलं, मोबाइलची किंमत, बिल आणि आयएमईआय क्रमांक (खोक्यावर किंवा बिलावर असतो). ‘चोरी’ हा शब्द स्पष्ट हवा.

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कोणाचीही असो, खबर नोंदवून घ्यावीच लागते. झिरो एफआयआर म्हणतात तो हाच. ‘कुर्ल्याला चढलात ना, तिकडे जा’ हे चालत नाही. खबर ऑनलाइनही देता येते, पण तीन दिवसांत सही करावी लागते. एफआयआरची प्रत मोफत मिळते. तीन ते सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत वरिष्ठांच्या परवानगीने १४ दिवसांची प्राथमिक चौकशी करायची मुभा पोलिसांना आहे, म्हणून ‘बघतो’ असं म्हटलं तर ती चौकशी सुरू झाल्याचं लेखी मागा. नकारच दिला तर तोच अर्ज टपालाने पोलीस उपायुक्तांकडे. त्यानेही हललं नाही तर शपथपत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. नोंदीची प्रत आणि बिल जोडून केंद्र सरकारच्या सीईआयआर पोर्टलवर मोबाइल ब्लॉक करायला मात्र थांबू नका, ते त्याच दिवशी करा.

प्रश्न : आमच्या रस्त्यावरच्या झाडांवर पांढरे आकडे आणि एक कागद चिकटवला आहे. झाडं तोडणार असं म्हणतात. विरोध कसा करायचा? (वाशी)

तो कागद म्हणजेच तुमची संधी, आणि ती सात दिवसांची असते. झाड तोडण्यापूर्वी वर्तमानपत्रात आणि झाडावर सूचना लावून हरकती मागवणं वृक्ष संरक्षण कायदा, १९७५ प्रमाणे सक्तीचं आहे. आधी कागदाचा फोटो काढा, तारीख दिसेल असा. पावसाने किंवा हाताने तो गायब होतो. हरकत वृक्ष अधिकाऱ्यांच्या नावे, उद्यान विभागात, पोच घेऊन.

हरकतीत भावना थोडी आणि आकडे जास्त असू द्या. झाडाचा क्रमांक, जात, छातीच्या उंचीवरचा बुंध्याचा घेर. सूचनेतल्या संख्येशी जागेवरची संख्या जुळते का, ते मोजून पाहा; न जुळणं ही सगळ्यात भक्कम हरकत. ५० वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला २०२१ च्या दुरुस्तीने ‘प्राचीन वृक्ष’ म्हणून वेगळं संरक्षण आहे. गटार किंवा पदपथाची रेषा कुठे सरकवता येईल, याचं साधं रेखाटन जोडा आणि सुनावणी मागा. शंभर जणांनी एकच छापील मजकूर सह्या करून दिला तर तो एक हरकत म्हणून वाचला जातो. त्यापेक्षा दहा जणांनी दहा वेगळ्या झाडांवर लिहिलेलं बरं.

प्रश्न : शाळेत निबंध आहे. मतदान आणि कर भरणं ही मूलभूत कर्तव्यं आहेत ना? (नेरूळ, इयत्ता नववी)

दोन्ही नाहीत! मूलभूत कर्तव्यं संविधानाच्या अनुच्छेद ५१ क मध्ये आहेत. १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने दहा आली, आणि २००२ च्या ८६ व्या दुरुस्तीने अकरावं : ६ ते १४ वयाच्या पाल्याला शिक्षणाची संधी देणं. कर भरणं हे कर्तव्य म्हणून घालावं अशी स्वर्णसिंग समितीची शिफारस होती, ती घेतली नाही. करवसुलीचे वेगळे कायदे आहेत, आणि मत देणं हा हक्क आहे, न दिल्यास शिक्षा नाही. सार्वजनिक मालमत्तेचं रक्षण आणि वैज्ञानिक दृष्टिकोन मात्र यादीत आहेत. निबंधात हे लिहिलंस आणि बाईंनी खूण केली, तर पाठ्यपुस्तकाचं पान दाखव.

प्रश्न : सोसायटीची समिती हिशेब दाखवत नाही. माहिती अधिकारात मागता येईल का? (सीवूड्स)

थेट नाही. सहकारी संस्था ही ‘सार्वजनिक प्राधिकरण’ नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा निकाल आहे. पण निबंधकांच्या कार्यालयाकडे सोसायटीचे जे कागद जमा आहेत, ते त्या कार्यालयाकडून माहिती अधिकारात मिळतात. नवी मुंबईतल्या बऱ्याच सोसायट्यांसाठी हे कार्यालय म्हणजे सहनिबंधक (सिडको).

त्याआधी सभासद म्हणून सरळ हक्क वापरा. सहकार कायद्याप्रमाणे लेखापरीक्षित ताळेबंद, नफातोटा पत्रक, सभांची इतिवृत्तं आणि तुमच्या खात्याच्या नोंदी कार्यालयीन वेळेत फुकट पाहता येतात, प्रतींना शुल्क. सचिवांना लेखी पत्र द्या. ते पोच देत नसतील तर स्पीड पोस्टने पाठवा. वार्षिक सभा ३० सप्टेंबरपूर्वी व्हायलाच हवी आणि तिची सूचना १४ दिवस आधी. ती झाली नसेल तर निबंधकांकडची तक्रार तिथूनच सुरू करा, कारण हा मुद्दा कागदावर सिद्ध करणं सोपं असतं. पाच जणांमागे एक सभासद तयार असेल तर कलम ८३ खाली चौकशीही मागता येते.

मात्र भांडणापूर्वी स्वतःचं देखभाल बिल तपासा. हिशेब मिळत नाही म्हणून बिल थांबवणारे बरेच असतात. बिल मिळाल्यापासून तीन महिन्यांत रक्कम भरली नाही, तर तुम्ही कसूरदार ठरता आणि समितीची निवडणूक लढवता येत नाही. म्हणजे समितीत जाऊन हिशेब तपासण्याची वाट स्वतःच बंद केलीत. आकडा मान्य नसेल तर ‘निषेध नोंदवून भरत आहे’ असं पत्र जोडून भरा, आणि त्या पत्राचीही पोच घ्या.